गोव्यात पहिल्या नोकरीला पगार किती मागायचा?

तू लिहिलंयस की बीकॉमचं शेवटचं वर्ष आहे, घर डिचोलीला, वेर्ण्याच्या एका कंपनीत अकाउंट्सला इंटरव्ह्यू आहे, आणि पगाराची अपेक्षा विचारली तर १८ हजार सांगितले तर जास्त होतील का. (अरेतुरे करतोय, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.) मी स्वतः पगारपत्रकं बनवायचं काम करतो म्हणून सांगतो, जास्त अजिबात नाहीत, पण बाय, १८ हजार हातात की सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च) ते आधी ठरव, कारण तू हातातले धरून बोलणार आणि समोरचा सीटीसी लिहून मोकळा होणार.

समज सीटीसी १८,००० आणि त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, १२,०००. कंपनीने भरायचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,४४०, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळते ती) ४.८१ टक्के म्हणजे ५७७, ईएसआयचे (सरकारी आरोग्य विम्याचे) सव्वातीन टक्के, हे सगळं त्या १८ मध्येच धरलेलं असतं, मग तुझा ग्रॉस, म्हणजे कापण्याआधीचा पगार, उरतो साडेपंधराच्या आसपास, त्यातून परत तुझा पीएफ १,४४० आणि ईएसआय पाऊण टक्का कापला की हातात येतात १३,९००. पीएफ तुझाच आहे, बुडत नाही, पण बसचं तिकीट त्यातून निघत नाही ना. एक बरं, महाराष्ट्रासारखा प्रोफेशनल टॅक्स गोव्यात नाही.

आणि डिचोली ते वेर्णा रोज म्हणजे पणजीला बस बदलणं आलं, नाहीतर स्कूटरचं पेट्रोल, नाहीतर तिकडेच कुणाबरोबर रूम. म्हणून पगाराआधी विचार कंपनीची बस डिचोलीपर्यंत येते का. येत असेल तर हजार-दोन हजार कमी घ्यायला हरकत नाही, नसेल तर ते मागूनच घे. तसंच कंपनीच्या रोलवर घेणार की कॉन्ट्रॅक्टरच्या, हे पण विचार, इंटरव्ह्यू घेणारे साहेब कंपनीचे असतात आणि ऑफर लेटरवर भलत्याच एजन्सीचं नाव निघतं, हे भरपूर चालतं. ॲप्रेंटिस म्हणाले तर ते १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखालचं ट्रेनिंग, मिळतो तो स्टायपेंड, पीएफ-ईएसआय नाही. वाईट नाही, फक्त नोकरी समजून जाऊ नकोस.

कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांचा हिशोब वेगळाच. पगार कमी दिसतो पण राहणं-जेवण धरलेलं असतं, कुठे सर्व्हिस चार्ज वाटतात, टिप असते. तिथे एकच विचारायचं, पावसात ठेवणार की सीझन संपला की घरी पाठवणार.

घरचे म्हणतील सरकारी जाहिरात येईपर्यंत कर कायतरी, पगार काय बघतेस. खरं सांगू, आपल्याकडे सुरुवातीचे पगार दबलेले राहतात त्यात या वाक्याचा पण हात आहे, मालकाला ठाऊक असतं की ही सरकारी लागली की जाणार, मग तो कशाला जास्त देईल. आणि "कंपनीच्या पॉलिसीप्रमाणे द्या" असं तर बोलूच नकोस, ते ऐकलं की सगळ्यात खालचा आकडा लिहितात.

किमान वेतन किती ते कामगार खात्याच्या नोटिफिकेशनमध्ये असतं, त्यांचं ऑफिस पणजीला पाटोवर, श्रमशक्ती भवनात. बेसिकच्या वर व्हीडीए, म्हणजे महागाईप्रमाणे बदलणारा भत्ता, पण धरायचा असतो, त्यामुळे जुना आकडा बघून जाऊ नकोस.

तुझ्या जागी मी असतो तर म्हटलं असतं, "हातात १६ हजार, बस असेल तर १५ चालतील." १६ हातात म्हणजे त्यांना सीटीसी साडेवीसच्या वर जाते, ते कुरकुर करतील, करू देत. हो म्हणायच्या आधी पगाराचं ब्रेकअप मेलवर माग, फोनवरच्या गोष्टी नंतर कुणाला आठवत नाहीत.