किशोरवयीन मद्यपान : नव्या समुपदेशकासाठी सल्ला

तुम्ही किशोरवयीन मुलांसोबत काम करण्यास नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणून आधीच सांगतो: यकृताच्या आजाराची भीती घालून संवाद सुरू करू नका, कारण 15-16 वर्षांच्या मुलाला तो धोका फार दूरचा वाटतो. त्याऐवजी मेंदूविषयी बोला. मेंदूची जडणघडण साधारण वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत चालू असते आणि सर्वांत शेवटी परिपक्व होतो तो कपाळामागचा भाग, ज्याच्यावर मोहाला आवर घालण्याची व परिणामांचा विचार करण्याची जबाबदारी असते. नेमक्या याच काळात वारंवार भरपूर दारू पोटात गेली, तर या भागाच्या आणि स्मृती घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या वाढीला बाधा येऊ शकते.

‘मला चढतच नाही’ हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकायला मिळेल. ते खोटे समजू नका. कोवळ्या वयात गुंगी कमी येते, तोलही कमी जातो, परंतु स्मरणशक्तीला बसणारा फटका अधिक असतो, असे मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे थांबण्याचा इशाराच क्षीण होतो. आदल्या रात्री मित्रांशी तासभर बोललेल्या मुलाला सकाळी त्यातले काहीच आठवत नाही, तेव्हा तो ते विसरलेला नसतो, ती आठवण मेंदूत नोंदलीच गेलेली नसते. हे त्याला शांतपणे, दोष न देता समजावून सांगा.

मुलगा रोज भरपूर पीत असेल, तर मात्र त्याला एकाएकी बंद करायला सांगू नका. आधी डॉक्टरांकडे न्या, कारण अशा वेळी झटके येण्याचा धोका असतो.