दोन सरांच्या मधे सापडलेल्या विद्यार्थिनीस

चि.,
अनेक आशीर्वाद.

गाइड एक सांगतात, को-गाइड नेमकं उलटं, आणि प्रबंधाचं घोडं तिथेच अडलंय. कुणाची बाजू घेऊ, असं विचारतेस. कुणाचीच नको. जोसेफ ब्लॅकने काय केलं ते बघ.

१७२८ साली बोर्दोला जन्मलेला हा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ मुळात वैद्यकाचा विद्यार्थी. ग्लासगोत विल्यम कलेन यांच्या हाताखाली तयार होऊन तो पदवीसाठी एडिंबरोला गेला. तेव्हा मूतखड्यावर चुन्याची निवळी पाजत. चुना शिंपल्यांचा बरा की चुनखडीचा, यावर तिथले दोन प्राध्यापक, व्हिट आणि ऑल्स्टन, हमरीतुमरीवर आलेले. ब्लॅकने चुना बाजूला सारला आणि मॅग्नेशिया अल्बा हाती घेतला. आपण त्याला मॅग्नेशियम कार्बोनेट म्हणू. भित्रेपणा म्हण हवं तर.

पूड तापवली, तर निम्म्याहून जास्त वजन गेलं. पाणी मात्र जेमतेम जमलं. उरलेली पूड आम्लात फसफसेना, आधीची तर फसफसायची. मग आम्लात विरघळलेल्या त्या पुडीच्या द्रावणात पोटॅश (राखेतून काढलेला क्षार) घालून साका बसवला, सुकवला, तोलला. वजन जवळजवळ पूर्ववत आणि फसफसणंही परत! म्हणजे उडाली होती ती हवा, आणि पोटॅशकडून ती परत मिळाली. हाच पुढचा कार्बन डायऑक्साइड. प्रबंध १७५४चा, सविस्तर निबंध १७५६चा. आणि गंमत बघ, टाळलेला चुनाही त्यातूनच उलगडला: चुनखडी भाजल्यावर दाहक होते ती आगीतून काही घेते म्हणून नव्हे, हवा गमावते म्हणून.

माणूस शांत, प्रकृतीने नाजूक, खाण्यापिण्यात बेताचा, बासरी वाजवणारा. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ आणि भूवैज्ञानिक जेम्स हटन हे त्याचे जिवलग. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटला त्याने पैशांचीही मदत केली. विद्यार्थी फीच्या गिनी, म्हणजे सोन्याची नाणी, आणत, त्या तो तोलून घ्यायचा म्हणे. मला हे फार आवडतं.

एका बाबतीत मात्र त्याचा कित्ता गिरवू नकोस. ग्लासगोत त्याने दोन सारखे काचगोळे एकाच दालनात टांगले, एकात बर्फ, दुसऱ्यात तितकंच थंडगार पाणी. पाणी अर्ध्या तासात ३३ वरून ४० अंश फॅरनहाइटवर गेलं. बर्फाला वितळून तिथवर पोचायला साडेदहा तास लागले. तापमान न वाढवता वितळण्यातच खर्च होणारी ही अप्रकट उष्णता तो वर्गात वर्षानुवर्षं शिकवत राहिला, छापली मात्र कधीच नाही. १७७२ मध्ये स्वीडनच्या विल्के या शास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे शोधून ती प्रसिद्ध केली. ब्लॅकची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली १८०३ साली. तो १७९९लाच गेला होता.

तेव्हा वादातला नमुना तूर्त कपाटात ठेव. दुसरा साधा, शुद्ध नमुना घे, त्याची वजनं पुन्हा कर आणि तक्ता दोन्ही सरांना एकाच मेलने पाठव. या महिन्यातच.

कळावे.