वाचकांचे प्रश्न : कादंबरी दुसऱ्याला सुचवायची कशी?

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला सहा-सात जण नुकत्याच वाचलेल्या कादंबरीविषयी बोलतात. पण एक तर ‘छान आहे, जरूर वाचा’ इथेच गाडी थांबते, नाहीतर अख्खी गोष्टच सांगून होते. पुस्तक मात्र कुणी मागून नेत नाही. — एक वाचक, अमळनेर

उत्तर : ऐकणाऱ्याला एकच गोष्ट ठरवायची असते : पुढचे दहा-पंधरा दिवस या पुस्तकाला द्यायचे की नाही? त्यासाठी त्याला पानं किती, बोली कुठली, कितव्या पानापासून मन धरतं आणि हे पुस्तक कुणाला रुचणार नाही, हे कळायला हवं. शेवटचं बहुतेक जण सांगतच नाहीत, आणि विश्वास बसतो तो नेमका त्याच्यावर. ‘घडामोडी हव्या असतील तर हे नको’ असं म्हणणाऱ्याचं ‘हे घ्या’ लोक मनावर घेतात.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ घ्या. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. धरणामुळे उठलेलं गाव, मागे राहिलेलं जनावर आणि त्याला आणायला परत निघालेला माणूस. एवढं सांगून थांबा. पुढे काय होतं ते सांगितलंत की पुस्तक तुमच्याच हातात राहतं. मात्र नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात नंदुरबारकडच्या अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं बाधित झाली, हे त्याला जोडून जरूर सांगा. तापी-नर्मदेकडच्या माणसाला कोल्हापूरकडची ती गोष्ट लगेच आपली वाटते. आणि लय संथ आहे, हेही लपवू नका.

त्यानंतर एक उतारा मोठ्याने वाचा. तो अडीचशे शब्दांच्या आसपास, म्हणजे साधारण एक पान असावा. सावकाश वाचला तरी दोन मिनिटांत होतो. पुस्तकाच्या पहिल्या चौथाईतूनच निवडा, म्हणजे काही फुटत नाही. दोन माणसं बोलताहेत असा भाग बघा. नुसत्या वर्णनाचा उतारा मोठ्याने वाचला की लोक तिसऱ्या वाक्याला घड्याळ बघू लागतात. घरी दोनदा वाचून बघा आणि जिथे दम लागतो तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारा.

प्रश्न : ‘धग’ मी तिघींना सुचवली. तिघींनीही ‘भाषा कळत नाही’ म्हणून वीस पानांत परत केली. — एक वाचक, धरणगाव

उत्तर : उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६०ची. कौतिक नावाच्या बाईने संसार उभा धरून ठेवण्यासाठी केलेली झुंज त्यात आहे. संवाद वऱ्हाडीत आहेत आणि अडखळायला होतं ते तिथेच. पण खान्देशातल्या बाईला ही बोली परकी नाही, फक्त ती कागदावर बघायची सवय नाही. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘डोळा’ असेल तिथे ‘डोया’. लेवा बोलीत आणि अहिराणीतही तेच होतं. यावल-रावेरकडची आजी रोज असंच बोलते. ‘जाऊन राह्यला’ म्हणजे ‘जातो आहे’, एवढी दुसरी खूण सांगितली की निम्मी अडचण सरते.

तेव्हा पुस्तक देताना पहिले दोन-तीन संवाद तुम्हीच वाचून दाखवा आणि पुढचे त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. डोळ्यांना अडणारा शब्द कानाला बहुतेक वेळा कळतो. अडलेला प्रत्येक शब्द विचारत बसू नका, असंही सांगा. तसं केलं की वाक्य तुटतं, वाक्य तुटलं की माणसं तुटतात. तीस पानांपर्यंत बोली अंगवळणी पडते. तरीही नाही पडली तर आग्रह सोडा, सहा महिन्यांनी पुन्हा द्या. इतकं चांगलं पुस्तक चुकीच्या दिवशी दिल्याने कायमचं बंद होऊ नये, असं मनापासून वाटतं.

प्रश्न : भालचंद्र नेमाडे आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे. नव्या वाचकाला त्यांचं आधी काय द्यावं? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : ‘कोसला’ (१९६३). खान्देशातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकरचं हे निवेदन. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पानोपानी येतात. ती लकब आहे, चूक नाही, हे आधी सांगून ठेवा. कॉलेजातल्या मुलाला ती सहसा लगेच लागते.

चांगदेव पाटील हा नायक असलेल्या त्यांच्या चार कादंबऱ्या मात्र क्रमानेच : ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’. ग्रंथालयात हाती लागेल ती आधी नेली की गोंधळ होतो. चांगदेवची नोकरी आणि गाव बदलत जातं, आणि आधीचं कॉलेज, आधीची माणसं माहीत नसली तर त्याचा वैताग नुसता चिडचिडेपणा वाटतो. ‘हिंदू’ (२०१०) शेवटी. सुमारे सहाशे पानांची आहे, रोज वीस पानं धरली तर महिना. तिचा नायक खंडेराव वर्तमानातून बालपणात, तिथून पूर्वजांत असा सतत जातो-येतो. ही ये-जा सोबतच्या वहीत एकेका ओळीने टिपली तर वाट सापडत राहते.

प्रश्न : वडील सत्तरीचे, आयुष्य कापसाच्या शेतीत गेलं. आता वाचायची इच्छा आहे. ‘बारोमास’ देऊ का? — एक वाचक, शिंदखेडा

उत्तर : सदानंद देशमुख यांची ही कादंबरी २००४च्या साहित्य अकादमी पुरस्काराची. शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ आणि खर्च भरून न निघणारी शेती, हे वडिलांना शब्दाशब्दाला पटेल. अडचणही तीच आहे. घरात सध्या कर्जाची ओढाताण चालू असेल तर आत्ता देऊ नका, ती मनाला फार लागते. तसं नसेल तर निर्धास्त द्या.

वेळही बघा. वेचणी सुरू असताना कुणाचं लक्ष लागत नाही. उन्हाळ्यातल्या लांब दुपारी, पेरणीची घाई लागण्याआधी हातात ठेवा. विकत घेण्याआधी छपाई तपासा. पुस्तक हातभर अंतरावर धरल्यावर वडिलांना ओळ सलग वाचता आली पाहिजे. जाडजूड प्रत छातीवर धरून वाचताना मनगट दुखतं, म्हणून मांडीवर उशी घेऊन तिच्यावर पुस्तक ठेवायला सांगा. पहिले आठ दिवस रोज पंधरा पानांच्या वर नको.

प्रश्न : सुचवलेलं पुस्तक नेतात, परत येत नाही. — एक वाचक, शहादा

उत्तर : वहीत नाव, तारीख आणि परतीचा दिवस नेणाऱ्याच्याच हाताने लिहून घ्या. दोनशे पानांना तीन आठवडे पुरतात. मुदत संपली की ‘पुस्तक द्या’ म्हणण्याऐवजी ‘कुठवर आलात?’ असं विचारा. अडकले असतील तर तिथली चार पानं सोबत वाचा, कंटाळले असतील तर परत घेऊन दुसरं द्या.