नवस फेडण्याची घाई

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला या वर्षी रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी आजाराचे नाव अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असे सांगितले. आम्ही ठाण्याला राहतो आणि उपचार टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालयाच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेकमध्ये चालू आहेत. पहिल्या टप्प्याच्या केमोनंतर बोनमॅरोची तपासणी चांगली आली, ‘आजार रेमिशनमध्ये गेला’ असे डॉक्टर म्हणाले. निदान झाले त्याच आठवड्यात सासूबाईंनी कोकणात गावच्या देवीला गाऱ्हाणे घालून नवस बोलला होता. आता त्या म्हणतात, देवी पावली, रिपोर्ट स्वच्छ आला, मग पोराच्या अंगात आणखी दोन वर्षे विष कशाला भरायचे? त्याला गावी नेऊन नवस फेडावा आणि पुढे तिथल्या एका जाणकाराचे झाडपाल्याचे औषध सुरू करावे, असा त्यांचा आग्रह आहे. यजमान आईपुढे बोलत नाहीत. गरोदरपणी मी ग्रहण पाळले नाही म्हणून हे झाले, असेही मला ऐकवले गेले. माझीही देवीवर श्रद्धा आहे. मी काय करावे?
— एक आई, ठाणे

उत्तर : केमो थांबवू नका, एखादा टप्पा पुढे ढकलायचा असेल तर तो केवळ डॉक्टरांनी ढकलावा. बाकी सारे त्यानंतर.

रेमिशन म्हणजे आजार बरा झाला असे नव्हे, आणि आपल्या घरातला सगळा वाद या एका गैरसमजावर उभा आहे. निदानाच्या वेळी मुलाच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. बोनमॅरोत सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले आणि निरोगी पेशी पुन्हा तयार होऊ लागल्या, की त्याला रेमिशन म्हणतात. त्याहून बारकाईची एमआरडी, म्हणजे उरल्यासुरल्या रोगट पेशींची, तपासणी दहा हजार पेशींत एक रोगट पेशी असली तरी ती हुडकते; पण एक लाख कोटींचा दहा हजारावा भाग म्हणजेसुद्धा दहा कोटी होतात, हे गणित सासूबाईंना कागदावर मांडून दाखवावे. उरलेल्या पेशी दिसत नाहीत, मात्र औषध थांबले की त्या वाढू लागतात. काही पेशी मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात दडून बसतात, जिथे शिरेतून दिलेली बरीचशी औषधे पुरेशी पोहोचत नाहीत, आणि म्हणूनच मुलाला पाठीत ते नकोसे इंजेक्शन द्यावे लागते.

हे आपल्याला इतक्या खात्रीने सांगता येते, कारण अपुऱ्या उपचारांचे परिणाम जगाने पाहिलेले आहेत. अमेरिकेत बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये अ‍ॅमिनोप्टेरीन या औषधाने काही मुलांचा ल्युकेमिया मागे हटल्याचे प्रसिद्ध केले. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिथल्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते. त्या मुलांचे चेहरे उजळले, ती खेळू लागली, आणि काही महिन्यांत आजार उलटला. पुढच्या दोन-तीन दशकांत अनेक औषधे एकत्र देणे, मेंदूपर्यंत उपचार पोहोचवणे आणि ते दीर्घकाळ चालू ठेवणे या गोष्टी जुळून आल्या, तेव्हा कुठे मुले कायमची बरी होऊ लागली. आज प्रगत देशांत या आजाराची सुमारे ९० टक्के मुले बरी होतात, ती उपचार शेवटपर्यंत पूर्ण केल्यामुळे. अ‍ॅमिनोप्टेरीनचेच भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आपल्या मुलाला मेंटेनन्सच्या, म्हणजे शेवटच्या लांबलचक, टप्प्यात बहुधा आठवड्यातून एकदा गोळ्यांच्या रूपात आणि मरकॅप्टोप्युरीन रोज घ्यावे लागेल. तेव्हा मूल शाळेत जात असते, केस परत आलेले असतात आणि औषध चुकण्याचा खरा धोका त्याच काळात असतो. शंभरातले पाचपेक्षा अधिक डोस चुकणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण वाढते, असे अभ्यासांत दिसून आले आहे.

आता सासूबाईंविषयी. त्यांना अडाणी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही आणि माझ्या मते त्या अडाणी नाहीतही. नातवाच्या हातातली सुई बघवत नाही, हे त्यांचे खरे दुखणे आहे. आपला वाद देवीशी नाही, नवस फेडण्याच्या मुहूर्ताशी आहे. म्हणून त्यांनाच विनंती करावी, की त्यांनी गुरवाकडून पुन्हा गाऱ्हाणे घालून घ्यावे आणि ‘औषधाचा शेवटचा दिवस निर्विघ्न पार पडू दे, मग ओटी भरायला पोराला घेऊन येतो’ असे मागावे. घातलेले गाऱ्हाणे वाढवता येते, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. शिवाय पुढच्या ओपीडीला आपल्याऐवजी यजमान आणि सासूबाई या दोघांनी जावे. सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यांत आपल्या घरांमध्ये किती अंतर असते, हे आपण जाणताच. आणि यजमानांचे मौन तिथे फार वेळ टिकणार नाही.

झाडपाल्याच्या औषधाला मात्र साफ नकार द्यावा. मरकॅप्टोप्युरीन आणि मेथोट्रेक्सेट या दोन्हींचा भार यकृतावर पडतो. त्यात घटक माहीत नसलेला काढा गेला, तर यकृतावर सूज येऊन केमोच थांबवावी लागते. फॉलिक अ‍ॅसिड असलेले साधे टॉनिकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण मेथोट्रेक्सेट फॉलिक अ‍ॅसिडच्याच कामात अडथळा आणून रोगट पेशींना मारते. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचारविषयक कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही त्या जाणकाराच्या हस्तकांना ऐकवायला हरकत नाही.

घरातली पूजा, अंगारा, दृष्ट काढणे यांत आक्षेपार्ह काही नाही. अंगारा कपाळाला लावावा, पोटात देऊ नये. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या दुधाचे पंचामृत, न उकळलेले तीर्थ आणि उघड्यावरचा प्रसाद टाळावा, आणि नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीचे दर्शन टीव्हीवर घ्यावे. मुलाला उपास घडवू नये. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर रात्र असली तरी रुग्णालयाला फोन करून निघावे; तापाचे औषध देऊन सकाळची वाट पाहू नये.

ग्रहणाचे आपण मनातूनही काढून टाकावे. एका पेशीच्या जनुकांत बिघाड होतो आणि ती बेसुमार वाढू लागते, एवढेच ते असते. बहुतेक मुलांत त्याला आईबापाचे वागणे, आहार किंवा पूर्वजन्मीचे पाप असे कोणतेही कारण नसते. हे मुलालाही स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे, कारण सात वर्षांचे मूल ‘मी त्रास दिला म्हणून देवाने शिक्षा केली’ असा अर्थ सहज लावते आणि तो कोणाला बोलून दाखवत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीचे उपचार गेल्या वर्षी पूर्ण झाले, ती ठणठणीत आहे. सगळे म्हणतात, देव पावला. पण तिच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा गेला, आणि त्याच्या आईने आमच्याहून अधिक उपासतापास केले होते. तेव्हापासून माझे हात जोडले जात नाहीत. फॉलोअपलाही मी पत्नीला एकटीलाच पाठवतो.
— एक वडील, नेरूळ

उत्तर : हात जोडले जात नसतील तर जोडू नयेत. दोन मुलांना एकच औषध दिले, तरी त्यांच्या रोगट पेशींतले जनुकीय बदल वेगळे असू शकतात आणि औषधाला मिळणारा प्रतिसादही; त्यात कोणाची भक्ती कमी पडलेली नसते. ‘देव पावला’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना आपल्या मनातला प्रश्न एकदा सांगून पाहावा. निदान मूल गमावलेल्या आईबापांसमोर तरी ते हे बोलणार नाहीत. त्या मुलाच्या आईवडिलांशी आपला संपर्क असेल तर तो तोडू नये. आपल्याकडे पाहून त्यांना त्रास होईल असे आपणच गृहीत धरतो, पण अनेकांना आपल्या मुलाचे नाव काढणारे कोणीतरी हवे असते.

फॉलोअपला मात्र आपण जावे. केमोतील काही औषधांचा हृदयावर होणारा परिणाम बऱ्याच वर्षांनी दिसू शकतो, त्यामुळे इको तपासणी, उंची-वजनाची नोंद आणि दिलेल्या औषधांच्या एकूण मात्रांचा लेखी गोषवारा मुलगी मोठी झाल्यावरही लागणार आहे. त्या फाइलची एक प्रत करून घ्यावी, आणि पुढच्या तारखेला पत्नीला घरी राहू द्यावे.