‘एकोणतीस’मध्ये ‘एकूण’ नाही, ‘उणे’ आहे

सोलापूरच्या पूर्व भागात दुसरीला शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे: “एकोणतीस लिहा म्हटलं की निम्मा वर्ग ३१ लिहितो. एक मुलगी तर म्हणाली, ‘बाई, एकूण तीस म्हणजे ३०च ना?’ हे ‘एकोण’ ‘एकूण’चंच रूप आहे का?”

नाही बाई. पण त्या मुलीच्या कानाला दोष देऊ नका, बोलताना आपण सगळेच ‘एकुणतीस’ म्हणतो. हिशेबाच्या तळाशी येतं ते ‘एकूण’ म्हणजे सगळं मिळून. इथे उलट एक कमी आहे. फोड अशी: एक + ऊन + तीस. संस्कृतात ‘ऊन’ म्हणजे कमी. ‘एकोनविंशति’ म्हणजे एकाने कमी वीस, तोच आपला एकोणीस. (सोलापुरात वर्गात ‘ऊन’ म्हणालात तर मुलं खिडकीबाहेर बघतील. ते ऊन ‘उष्ण’वरून आलेलं. मुलांना ‘उणे’च सांगा.)

हा शब्द मराठीत चांगला नांदतोय. उणीव, उणंदुणं, उणापुरा तर आहेतच, पण खरी गंमत ‘पाऊण’मध्ये आहे: पाद + ऊन, म्हणजे पाव कमी. पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी. पाऊणशे म्हणजे शंभरातून त्याचा पाव भाग गेला, उरले ७५. घड्याळात ‘पावणेअकरा’ वाचणारं पोर एकोणतीसचीच युक्ती वापरत असतं, फक्त तिथे एकाऐवजी पाव कमी करायचा.

आता ३१चं. एकतीस आणि एकोणतीस यांत फरक मधल्या ‘ओण’चा. पोरं दोन्ही टोकं पकडतात, मधलं निसटतं. त्यात तुमच्या वर्गातल्या कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात. तेलुगूत २९ म्हणजे ‘इरवै तोम्मिदि’, सरळ वीस नऊ. जसं ऐकायचं तसं डावीकडून लिहायचं. मराठीत मात्र पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. आणि एकोणतीस ऐकलं तर त्यात ना दोन ऐकू येतात ना नऊ! मोठ्यांना सवयीने हे जाणवत नाही, एवढंच.

कन्नड घरातल्या मुलांसाठी एक खास गोष्ट. ‘ओंबत्तु’ म्हणजे नऊ, पण त्यातला ‘बत्तु’ हा जुना ‘पत्तु’, म्हणजे आजचा ‘हत्तु’, दहा. दहाला काही कमी ते नऊ, अशी त्याची फोड करतात. म्हणजे ‘उणे’ त्यांच्याही घरात आहे, फक्त झिजलंय.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला त्यात भाषा बुडाल्यासारखं काही वाटलं नाही. तुमच्या वर्गात तर ‘वीस नऊ’ने सुरुवात करणंच शहाणपणाचं. पण तिथेच थांबू नका, कारण एकोणतीसमध्ये एक आयती वजाबाकी आहे.

ती हातात द्या. शंभर मण्यांच्या माळेवर तीस मणी सरकवा, म्हणायला लावा ‘तीस’. मग एक मणी मागे ओढून ‘एक उणे तीस’. पाच-सहा वेळा भरभर म्हणवून घेतलं की ‘एकुणेतीस’, ‘एकोणतीस’ असं तोंडातच घडतं. माळ नसेल तर कडक भाकऱ्यांच्या चवडीची गोष्ट सांगा: तीसची चवड, एक कुणीतरी शेंगाचटणीबरोबर खाल्ली.

१९पासून ८९पर्यंत आठही संख्यांना हे लागू पडतं. हिंदीने ८९लाच ‘नवासी’ म्हणून हात टेकले, आपण ‘एकोणनव्वद’पर्यंत नेटाने जातो. ९९ला मात्र ‘एकोणशंभर’ म्हणत नाही, नव्व्याण्णव. ती मुलगी हेही विचारील, तयारीत राहा.

लिहिताना ‘एकोण’ लिहा. बोलताना ‘एकुण’ आलं तर टोकू नका.