करड्याखालचा लाल

प्रिय दोस्त,

कारखान्यावरच्या तुझ्या सहाही चित्रांचे फोटो पाहिले. क्रेन ओळखू आली, धुराडी ओळखू आली, टाकीसुद्धा. अडचण तीच आहे. वस्तू ओळखू आली की बघणारा मनात तिचं नाव घेतो आणि पुढे सरकतो. अमूर्त व्हावं म्हणून तू कडा पुसट केल्या आहेस, पण त्याने क्रेन धुक्यात गेली, एवढंच.

पुन्हा कारखान्यापाशी जा. फोन खिशातच राहू दे. एकच जागा धर, जिथे दोन पाइप फ्लँजने, म्हणजे टोकांच्या चकत्या बोल्टांनी आवळून, जोडलेत ती, आणि तासभर चित्र काढत बस. आधी पाइपच दिसेल. मग दोन चकत्या, बोल्टांचं कडं, खाली पडलेली तिरपी सावली. बऱ्याच वेळाने पाइप आणि भिंत यांच्यामधली मोकळी जागा दिसायला लागेल: वर रुंद, खाली निमुळती, एका बाजूला चावा घेतल्यासारखी. ती काढ. तिला नाव नाही, म्हणून ती तुझी. अमेरिकन चित्रकार आणि छायाचित्रकार चार्ल्स शीलरने 1927 मध्ये फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्याचे फोटो काढले आणि पुढे त्या कारखान्याची अगदी काटेकोर चित्रं रंगवली. तो रस्ता वेगळा. तुझा ओढा मला ब्रिटिश चित्रकार प्रुनेला क्लफच्या जवळचा वाटतो. तिने आधी लॉऱ्या, गोद्या, कामगार रंगवले. पुढे वस्तू विरत गेल्या आणि आकार तेवढे उरले. तिची चित्रं शोधून बघ.

आता थरांचं. त्याच फ्लँजकडे जवळून बघ. वरचा करडा रंग उडालाय, त्याखाली रेड ऑक्साइडचा प्रायमर, म्हणजे रंगाआधी दिलेला लालसर अस्तर-थर, आणि बोल्टाभोवती गंज. (गंज, तो प्रायमर आणि तुझ्या ट्यूबमधला तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, तिघांचाही रंग लोहाच्या ऑक्साइडचाच. मला याची अजून गंमत वाटते.) तिथला प्रत्येक थर कशासाठी तरी दिलेला आहे, आणि उडालाय तो जिथे पाणी साचतं, पाना घासतो, तिथेच. तुझ्या चित्रांत मात्र रंग खरवडायचा स्क्रॅपर सगळीकडे सारखाच फिरलाय. ते जुनं दिसत नाही, जुनं केलेलं दिसतं.

खालचा थर दिसायचा असेल तर आधी तो मनापासून रंगव, त्यावरच चित्र संपणार आहे असं समजून. मग चुकलं वाटेल तिथेच झाक. अमेरिकन चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्नच्या 1967 पासूनच्या 'ओशन पार्क' मालिकेत झाकलेल्या रेघा वरच्या रंगातून डोकावतात. त्या सजावटीच्या नाहीत. त्याचं मत बदलत गेलं, त्याच्या खुणा आहेत.

तंत्राचं थोडक्यात. तैलरंगात खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. मी पहिल्याच मोठ्या कॅनव्हासवर उलटं केलं: खाली जवसाचं तेल ओतून काळा, आठवड्याभरात त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला पांढरा. वर्षभरात पांढरा तडकला. बघणाऱ्यांना वाटलं, मुद्दाम केलंय. मीही गप्प बसलो. तैलरंग वाळायची वाट बघवत नसेल तर खालचे थर अ‍ॅक्रिलिकचे दे, वर तैलरंग चालतो. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक मात्र देऊ नकोस. आणि ट्यूबवर रंग पारदर्शक की अपारदर्शक ते वाचत जा. पारदर्शक थॅलो ब्लूचा पातळ हात दिलास तर खालचं जिवंत राहतं. अपारदर्शक कॅडमियम रेडचा जाड हात दिलास तर गाडलं जातं. दोन्ही लागतं, पण कुठे काय, हे ब्रश उचलण्याआधी ठरव.

पुढच्या वेळी पूर्ण चित्राचा फोटो नको. एकाच कोपऱ्याचा, जवळून काढलेला पाठव, आणि त्याखाली काय काय झाकलंस ते लिही.

तुझा,
जुना रंगारी