देशाची दूध पुरवठा साखळी सुधारायला सरकारने आधी काय करावं?

आधी गावातच दूध थंड करण्याची सोय आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत फॅट-एसएनएफची (स्निग्धांश आणि बाकीच्या घन घटकांची) मोजणी. मोठे प्रकल्प त्यानंतर. धारेचं दूध साधारण ३७-३८ अंशांचं असतं. काही तासांत ते ४ अंशांवर आणलं नाही तर जंतू वाढतात, आणि नासकं दूध पुढची कितीही भारी यंत्रं सुधारू शकत नाहीत. १९७० ते १९९६ च्या 'ऑपरेशन फ्लड' या देशव्यापी दूधवाढ मोहिमेचा पायाही गावची दूध संस्थाच होती. युरोपातून मदत म्हणून आलेली दुधाची भुकटी फुकट न वाटता तिचं दूध करून विकलं आणि त्यातून पैसा उभा केला. मला तर तेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. मात्र रोजचं संकलन शे-दोनशे लिटरच असेल तर बल्क कूलर (दूध थंड करणारी मोठी टाकी) परवडत नाही, तिथे दोन-तीन गावांत मिळून एक बसवावा.